जोसेफच्या नावावर

“ती जागा घेऊ नका, भाऊ,” भिवाजी म्हणाले. त्या वेळी मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच ताटात दुपारचं जेवत होतो.

मी मान वर केली नाही. त्यांच्या बायकोने, प्रेमिलाबाईंनी, वाढलेल्या भातात वालाची आमटी कालवत राहिलो. त्या घरातलं सगळंच मला हलकं वाटत होतं. भिंतीवर गणपतीची तसबीर, तिला प्लॅस्टिकच्या जास्वंदीचा हार. टीव्हीवर विणलेला रुमाल. आणि घरी पाहुणे आहेत म्हणून टाय लावून जेवायला बसलेला हा सत्तरीचा माणूस.

“कुठली जागा?” मी विचारलं.

“समिंदराकडची. लारोश दाखवतो ती. ताईंनी आमच्या घरात सांगितलं, परवा तुमी कागद करनार म्हनून.”

मी कुमुदकडे, माझ्या बायकोकडे पाहिलं. ती पानातल्या लोणच्याकडे बघत होती.

“त्यात घेऊ नका म्हणण्यासारखं काय आहे?”

“ती पट्टी सगळी सरकारची हाय. भरतीचं पानी येतं तिथनं वर मोजून ठेवलेली. सरकार ती खंडानं देतं, मुदत घालून. घर इकता येतं, जमीन नाय. आनि तुमी परदेशी. सरकारची परवानगी असल्याबगर तुमच्या नावावर इथं काय सुद्दा चढत नाय. मी चौतीस वर्सं मोजनी खात्यात काढली. त्या घराचा नकाशा माज्या हातचा हाय.”

मोजणी खातं म्हटल्यावर मला सगळा उलगडा झाला. आमच्याकडे मोजणीवाला जमिनीबद्दल शंका काढतो तेव्हा त्याला काय हवं असतं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. हा देश वेगळा असला तरी माणूस आपलाच आहे, असं मी मनात म्हटलं आणि मोठ्याने म्हणालो, “बघतो मी. आमटी झकास झालीय.”

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. शिरोलीला माझी फाउंड्री होती, पुण्यामुंबईच्या कारखान्यांना कास्टिंग पुरवायचो आणि धंदा इतका बरा चालला होता की माझं डोकं त्यात लागत नव्हतं. ते दुसरीकडेच लागलं होतं. माझ्या बैठकीतल्या लोकांनी तेव्हा दुबईत फ्लॅट घ्यायला सुरुवात केली होती. दर शनिवारी क्लबात कुणीतरी मोबाइलवर बाल्कनीचा फोटो दाखवायचा. त्या फोटोत काय असायचं, तर समोरची दुसरी बाल्कनी. मला त्या लोकांची कीव यायची. परदेशात घर घ्यायचं आणि तिथंही वर कुणाच्या तरी टॉयलेटचा पाइप, ही काय हौस. मी ठरवलं, घ्यायचं तर असं घ्यायचं की पुन्हा कुणी फोटो काढायला धजणार नाही. दारात समुद्र पाहिजे.

मॉरिशस मी निवडलं ते नकाशा बघून. कुमुदने मात्र तिथं मराठी माणसं आहेत हे शोधून काढलं. तिच्या भजनाच्या ग्रुपमधल्या कुणाची तरी मुलगी तिथं जाऊन आली होती, तिने भिवाजींचा पत्ता दिला. उसाच्या शेतांमधल्या एका गावात त्यांचं घर, वरच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देत. भिवाजी हे त्यांचं आडनाव. तिकडच्या मराठी लोकांत बोटीतून उतरलेल्या पणजोबाचं नावच पुढे आडनाव होऊन बसलं आहे. ह्यांचं स्वतःचं नाव गौतम. मला हॉटेलात राहायचं होतं, पण कुमुद हटून बसली. ती गुहागरकडची. भिवाजींचं बोलणं ऐकलं आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “अहो, हे अगदी माझ्या आजीसारखं बोलतात.”

“तुझी आजी अडाणी होती,” मी म्हणालो.

मला त्या माणसाचं मराठी ऐकवत नसे. माझ्या साच्यात वाळू भरणारे कामगार त्याच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. मध्येच फ्रेंच शब्द, मध्येच कोकणी हेल, आणि वर तो टाय.

लारोशची गोष्ट वेगळी होती. डिडिए लारोश. घरं विकणारा गोरा माणूस, पांढरा ढगळ शर्ट, अनवाणी पायांत चामड्याचे बूट. त्याच्या ऑफिसात काचेच्या टेबलावर एक ऑर्किड होतं आणि दुसरं काही नव्हतं. ना फाइल, ना कागद. ह्याला मी श्रीमंती समजलो. तो इंग्रजी असं बोलायचा की वाक्य संपल्यावर आपणच काहीतरी शहाणपणाचं बोललोय असं वाटावं.

भिवाजींकडच्या त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला घर दाखवायला नेलं. खरं सांगायचं तर घर तसं लहानच होतं. दगडी जोतं, लाकडी व्हरांडा, तीन खोल्या. पण व्हरांड्यावरून सात पायऱ्या उतरलं की वाळू, आणि वाळूपलीकडे पाणी. ते पाणी हिरवंही नव्हतं, निळंही नव्हतं. मी पायऱ्या उतरून उभा राहिलो आणि मला शनिवारचा क्लब दिसायला लागला.

“जमीन सरकारची आहे का?” कुमुदने इंग्रजीत विचारलं. तिचं इंग्रजी शाळेतलं, एकेक शब्द सुटा.

लारोश हसला. “मादाम, सगळी जमीन शेवटी कुणाची असते? इथं सगळेच असे राहतात. भाडेपट्टा संपला की पुन्हा होतो.”

“आणि आम्ही परदेशी आहोत.”

“त्यासाठीच तर मी आहे.” तो माझ्याकडे वळला. “सरकारी मार्ग आहे, मी लपवत नाही. ठरावीक वसाहती आहेत, त्यांत तुमच्या नावावर घर मिळतं. भिंतीच्या आत, दीडशे शेजाऱ्यांसकट. समुद्र गच्चीवरून दिसतो. हवं तर तेही दाखवतो.”

“नको,” मी म्हणालो. शेजारीच पाहिजेत तर कोल्हापुरातलं आमचं ताराबाई पार्क काय वाईट होतं.

“मग दुसरा मार्ग. घर इथल्या माणसाच्या नावावर राहील. तो तुम्हाला पत्र लिहून देईल की खरे मालक तुम्ही. जोसेफ म्हणून आमचा एक जण आहे, बोट चालवतो, वीस वर्षं माझ्याकडे आहे. तुमचं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही. कर नाही, परवानगी नाही, चौकशी नाही. हेच त्यातलं सौंदर्य.”

“आपल्याकडे ह्याला बेनामी म्हणतात,” कुमुद मला मराठीत म्हणाली.

“आपल्याकडचं आपल्याकडे ठेव.”

“पण मग घर आपलं कसं?”

“तू पाणी बघ,” मी म्हणालो. ती खरंच व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिली.  परत येताना गाडीत पुढच्या सीटवरून लारोश मला सांगत होता की भारतीय लोकांत एवढा झटपट निर्णय घेणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. मी ते खरं मानलं.

तरी एक गोष्ट मला टोचत होती. बोटवाल्याच्या नावावर घर. क्लबात कुणी खोदून विचारलं तर काय सांगणार? त्यापेक्षा नाव मराठी असलं तर बरं दिसेल. शिवाय भिवाजीला काहीतरी हवंच आहे, तर ते देऊन टाकावं आणि त्याचं तोंडही बंद करावं. असा दोन्हीकडून फायद्याचा विचार करून मी त्या दुपारी त्यांच्या परसात गेलो.

ते टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. टाय नव्हता. मी सरळ विषय काढला.

“भिवाजी, तुमची शंका मी लारोशला विचारली. नाव इथल्या माणसाचं लागतं म्हणतो. मग बोटवाल्याचं कशाला? तुमचं देऊ. घर तुमच्या नावावर करतो.”

त्यांनी सुतळीची गाठ पूर्ण मारली. “नाय जमनार.”

“तुम्हाला एक पैसा घालायचा नाही. उलट वर्षाला काही ठरवू. मी वर्षातून पंधरा दिवस येणार. एरवी तुम्हीच जाऊन बसा व्हरांड्यात.”

“नाय भाऊ. खोटं हाय ते.”

“खोटं कसं? कागदावर तुमचं नाव खरंच असेल.”

“म्हनून तर.” ते उठून उभे राहिले, गुडघ्यांवर हात टेकत. “उद्या मी मेलो तर ते घर माज्या पोरांना जाईल. कायदा त्यांनाच देईल. तुमी काय करनार? आनि मी नाय मेलो, तरी एका सकाळी उठून माज्या मनात आलं की घर माजंच हाय, तर?”

“तुमच्या मनात तसं येईल?”

त्यांनी थोडा विचार केला. “मला ठाव नाय. म्हनून नको.”

 बोलण्यात हरलो की मी काय करतो, हे माझ्या फाउंड्रीतल्या माणसांना चांगलं माहीत होतं.

“तुमच्या पणजोबांना बोटीत कोंबून आणलं इथं, ऊस तोडायला,” मी म्हणालो. “चार पिढ्या गेल्या. चौतीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांची समुद्राकाठची घरं मोजलीत आणि तुमचं एक झालं नाही. आज फुकटात नावावर होतंय, तर तेही पेलवत नाही. म्हणून तुम्ही टोमॅटोला काठ्या बांधताय आणि मी घर घ्यायला आलोय.”

स्वयंपाकघराच्या दारात कुमुद आणि प्रेमिलाबाई उभ्या होत्या. प्रेमिलाबाईंना माझं भरभर मराठी कितपत कळलं, कुणास ठाऊक. कुमुदला सगळं कळलं होतं.

भिवाजी रागावले नाहीत. हाताची माती झाडत म्हणाले, “पनजे दाभोळच्या बाजूचे. त्यांना पन असंच सांगितलं व्हतं, की तिकडं दगड उचलला की सोनं, जमीन मिळंल, घर मिळंल. त्यांच्या हातात पन कागद दिला व्हता. त्यांना वाचता येत नव्हता.”

एवढं बोलून ते पुन्हा खाली बसले आणि पुढचं रोप घेतलं.

त्याच संध्याकाळी मी हॉटेलात जायचं ठरवलं. भिवाजींनी आमची बॅग स्वतः खाली आणून टॅक्सीत ठेवली. कुमुदने दोघांना वाकून नमस्कार केला. मला ते अती वाटलं.

दुसऱ्या दिवशी कागद झाला. कुमुद आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. जोसेफ रुंद खांद्यांचा, अबोल माणूस होता. टोपी हातात धरून बसला होता. लारोशच्या काचेच्या टेबलावर प्रथमच कागद दिसले. जोसेफने चार ठिकाणी सह्या केल्या. माझी एकही नाही. मला ते फार मानाचं वाटलं, जणू माझं काम करायला माणसं आहेत. मग जोसेफने मला लिहून दिलेलं पत्र आलं. त्याची मूळ प्रत लारोशने तिजोरीत ठेवली, सुरक्षित राहावी म्हणून, आणि मला झेरॉक्स दिली. पैसे मी तिथवर कसे पोचवले होते ते इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला पाहिजे त्यांना माहीत आहे, आणि त्यांतले दोघे आता माझ्याशी बोलत नाहीत. शेवटी लारोशने पितळी कड्यात अडकवलेल्या तीन किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाला, “घरी स्वागत आहे.”

कोल्हापुरात मी वर्षभर राज्य केलं. व्हरांड्याचा फोटो तीन फूट बाय दोन फूट मोठा करून दिवाणखान्यात लावला. दुबईवाले गप्प झाले. कुणी विचारलं, “परदेशी माणसाला कसं मिळालं हो?” तर मी नुसता हसायचो, लारोशसारखा. कुमुद त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. प्रेमिलाबाईंना ती अधूनमधून फोन करते हे मला बिलावरून कळायचं.  बायकांना रिकामा वेळ असतो, असं तेव्हा माझं मत होतं.

चौदा महिन्यांनी मी वास्तुशांत काढली. क्लबातली तीन जोडपी गुरुवारी येणार होती, आम्ही सोमवारी पुढे गेलो. विमानतळावरून समुद्राकडे जाताना टॅक्सीत त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. नारळ सोललेला आणायचा की शेंडीचा, कस्टमवाले काय म्हणतात, असं विचारत होता. मी म्हटलं, नारळाची काळजी करू नका, इथं झाडं आहेत माझ्या दारात.

झाडं होती. त्यांच्यामध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातले होते.

मी टॅक्सी थांबवली. व्हरांड्यात नवी वेताची खुर्ची, कोपऱ्यात पोपटाचा पिंजरा. मला वाटलं, जोसेफने बायकोपोरं आणून ठेवली असतील. बोटवालाच तो. आधी त्याला चांगलं झापायचं, असं ठरवत मी वर गेलो आणि पितळी कड्यातली पहिली किल्ली लावली. लागली नाही. दुसरी लागली नाही. तिसरी आत गेली पण फिरेना. मी दार ठोठावलं.

चष्मा लावलेली एक साठीची बाई बाहेर आली, केस पांढरे, हातात सुरी, बहुधा मासे साफ करत होती. इंग्रजीत म्हणाली, “कोण हवंय?”

“हे माझं घर आहे,” मी म्हणालो.

तिने माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं, मग खाली टॅक्सीपाशी उभ्या असलेल्या कुमुदकडे. “तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी आणि माझे यजमान शाळेत शिक्षक होतो. आमचं सगळं त्यातच गेलंय. नऊ महिने झाले घेऊन. नोंद झालेली आहे, सरकारने पट्टाही आमच्या नावावर करून दिलाय.”

“कुणाकडून घेतलं?”

“मालकाकडून. जोसेफ नावाचा गृहस्थ होता.”

मी पत्राची झेरॉक्स काढली. ती तिने वाचली, अगदी शाळेतल्या बाईसारखी, शेवटपर्यंत. आणि परत देताना म्हणाली, “हे तर साधं पत्र आहे.”

पुढे मी जे केलं ते कुमुदने मला नंतर सांगितलं, तोवर मला वाटत होतं मी फक्त बोलत होतो. मी दारात पाय घातला होता. बाईचा हात धरून तिला बाजूला सारायला बघत होतो. आतून तिचा नवरा आला, काठी टेकत, आणि तो फोनवर पोलिसांशी बोलत होता.

मी लारोशला फोन लावला. नंबर बंद. टॅक्सीवाल्याने सांगितलं, ते ऑफिस कधीच गेलं, आता तिथं पोहण्याचे कपडे मिळतात. जोसेफ शेजारच्या रियुनियन बेटावर गेला असंही तो म्हणाला. त्याला हे सगळं माहीत होतं. त्या किनाऱ्यावर बहुधा सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त कोल्हापुरात बसलेल्या मला नव्हतं.

पोलिसांच्या आधी भिवाजी आले. कुमुदने त्यांना फोन केला होता, मला न विचारता. जुन्या निळ्या गाडीतून ते उतरले, टाय लावलेला, हातात फाइल. माझ्याकडे न येता आधी व्हरांड्यात जाऊन त्या दोघांशी बोलले. म्हातारा शिक्षक त्यांना ओळखत होता. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी झेरॉक्स मागितली, वाचली, चार घड्या घातल्या आणि कुमुदच्या हातात दिली.

“ताई, ही पर्समधी ठेवा. भाईर काढू नका.”

“का?” मी म्हणालो. “तोच तर पुरावा आहे.”

“तुमच्याच इरुद्द हाय तो.” मग आवाज उतरवून ते समजावत बोलले, घाईने नाही. “भाऊ, सार्जंट आता येईल. तो इचारंल, घर कोनाचं. तुमी म्हनलात माजं, तर पहिला गुन्हा तुमच्यावर. परदेशी मानसानं परवानगीबगर, दुसऱ्याच्या नावावर घर घेतलं म्हनून. पैसे कसे आनले ते पन इचारतील. तुमी म्हनलात माजं नाय, पत्ता चुकला, तर बाईंची माफी मागायची आनि जायचं. त्या तक्रार करनार नायत. मी बोललोय.”

“आणि माझं घर?”

“ते तर नायच,” भिवाजी म्हणाले.

त्यांच्या तोंडावर तेव्हा विजयाची एक रेषा दिसती, तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांना शिव्या दिल्या असत्या, मनात तरी. तेवढीसुद्धा सोय त्यांनी मला ठेवली नाही, आणि ह्याबद्दल मी त्यांना इतक्या वर्षांत पुरती माफी दिलेली नाही.

सार्जंट तरुण होता. आधी तो बाईंशी बोलला, मग भिवाजींशी, तिथल्या बोलीत. भिवाजींशी बोलताना त्याने टोपी काढली. मग माझ्यापुढे येऊन वही उघडली आणि इंग्रजीत म्हणाला, “सर, हे घर तुमचं आहे का?”

व्हरांड्यातून दोघं नवरा-बायको बघत होती. टॅक्सीवाला बघत होता. कुमुद माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती, चौदा महिन्यांपूर्वी मी सांगितलं होतं तसं. खिशात फोन थरथरला. नारळवालाच असणार.

“नाही,” मी म्हणालो.

भरतीची वेळ होती, लाटांचा आवाज होता. सार्जंटने कान पुढे केला. “पुन्हा सांगाल? ऐकू आलं नाही.”

“हे घर माझं नाही.”

“मग इथं तुमचं दुसरं कुठलं घर आहे?”

“ह्या देशात माझं कुठलंही घर नाही. पत्ता चुकला. माझ्या हातून चूक झाली, बाईंची मी माफी मागतो.”

त्याने ते सगळं हळूहळू लिहून घेतलं, मध्ये एकदा माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं. भिवाजींनीच सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, बरोबर. मग सार्जंटने लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्या देशात मला पूर्ण वाचून दाखवलेला तो पहिलाच कागद. त्याने वही माझ्यापुढे धरली, बोट ठेवून जागा दाखवली. माझ्या खिशात पेन नव्हतं. कुमुदने पर्स उघडून आपलं दिलं.

मी सही केली. रणधीर बळवंत खराडे, पूर्ण नाव, फाउंड्रीच्या चेकवर करायचो तशी, खाली दोन रेघा ओढून. त्या घरासंबंधी माझी सही असलेला तेवढा एकच कागद आहे.